टुरिस्ट म्हणून जायचं आणि ऑफिसचं काम करायचं: ‘कोणी विचारत नाही’ हे पोरांना सांगणं बंद करा

गोदाकाठ
आपल्या नाशिकच्या नोकरदारांच्या ग्रुपवर परवापासून एक पोस्ट फिरतेय. ‘मे महिन्यात गंगापूर रोडला घाम पुसत कॉल घेण्यापेक्षा थायलंडला जा. ६० दिवस व्हिसाच लागत नाही. लॅपटॉप उघडा, काम करा. कंपनीला सांगायची गरज नाही, तिथे कोणी विचारत नाही.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. ती वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना दिलेली ६० दिवसांची सवलत फिरायला जाणाऱ्यांसाठी होती. त्याच महिन्यात त्यांनी लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) काढला. पाच वर्षांची मुदत, एका खेपेला १८० दिवस राहता येतं. खात्यात ५ लाख बाथ दाखवायचे, म्हणजे आपले तेरा-चौदा लाख, आणि थायलंडबाहेरच्या कंपनीत नोकरी असल्याचा कागद जोडायचा. पुण्याची कंपनी त्यांच्या दृष्टीने बाहेरचीच. दार उघडं असताना पोरांना खिडकीतून उड्या मारायला का शिकवता? वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलं तर तिथल्या कायद्यात ५ हजार ते ५० हजार बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी आहे.

‘कंपनीला सांगायची गरज नाही’ हे तर त्याहून वाईट. माझ्या धाकट्या भावाच्या टीममधल्या मुलाने हेच केलं. क्लायंट परदेशी बँक. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉगिन परक्या देशातून दिसलं आणि खातं गोठलं. सिक्युरिटीवाल्यांचा व्हिडिओ कॉल आला, म्हणाले कॅमेरा फिरवा, खिडकीबाहेरचं दाखवा. खिडकीबाहेर थाई पाट्या. राजीनामा लिहून घेतला त्याच्याकडून, आणि अनुभवाचं पत्र मिळवायला पोराने महिनोन्महिने मेल केले.

चांदशीकर
ती पोस्ट माझी आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो.

तेरा-चौदा लाख रोख खात्यात पडून असलेले किती लोक आहेत या ग्रुपवर? घराचा हप्ता, आईबाबांचा मेडिक्लेम, पोरांची फी गेल्यावर उरतं काय? बाकीचे देश घ्या. मलेशियाचा डीई रांताऊ पास आयटीवाल्याला वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्न मागतो, आयटीबाहेरच्याला ६०,०००. दुबई महिन्याला ३,५०० डॉलर. बालीसाठी इंडोनेशियाचा रिमोट वर्कर व्हिसा, वर्षाला ६०,०००. पोर्तुगाल त्यांच्या किमान वेतनाच्या चौपट. हे आकडे युरो-डॉलरमध्ये पगार घेणाऱ्यांना समोर ठेवून ठरवलेत. नाशिकला बसून पुण्याच्या कंपनीचे आठ-नऊ लाख घेणारा यात कुठेच बसत नाही. तुमचं दार उघडं आहे, पण उंबरठा छातीएवढा आहे.

मी थायलंडमध्ये चिआंग माईला राहून आलोय. घड्याळात दीड तासाचा फरक, काम अडलं नाही. तिथल्या कोणाची नोकरी हिसकावली नाही. पगार इकडे, कर इकडे, खर्च तेवढा तिकडे. नुकसान कोणाचं झालं ते सांगा.

रानजाई
चांदशीकर, पैशाचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण गाडी पैशापाशी अडत नाही, ती एका कागदापाशी अडते.

मी स्पेनच्या व्हिसासाठी खटपट केली. तो व्हिसा २०२३ मध्ये सुरू झाला. डिग्री किंवा तीन वर्षांचा अनुभव, कंपनी वर्षभर तरी जुनी, तुम्ही तिथे किमान तीन महिने कामाला, हे सगळं माझ्याकडे होतं. पोलिसांचा दाखला काढला. डिग्रीवर आधी राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणूनचा शिक्का), मग स्पॅनिश भाषांतर, यात पावसाळा गेला. आणि शेवटी ‘ही कर्मचारी स्पेनमधून काम करू शकते’ एवढ्या एका ओळीवर कंपनीने सही केली नाही. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, उद्या तिथलं कर खातं म्हणेल की तुमचं ऑफिसच इथे आहे, इथे कर भरा. मला राग आला होता, पण त्यांची भीती खोटी नव्हती.

आणखी एक. एका एजंटाने मला सांगितलं होतं की शिल्लक नसेल तर तीन महिने खात्यात रक्कम ठेवून देतो, व्याज तेवढं द्या. कोणी या फंदात पडू नका. उधारीची रक्कम अचानक जमा झालेली स्टेटमेंटवर ठळक दिसते.

पंचवटीचा_सीए
‘पगार इकडे, कर इकडे’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या वाक्यावर लोक माझ्याकडे नोटिसा घेऊन येतात.

दोन महिने गेलात तर भारतात तुम्ही निवासीच राहता, सगळ्या उत्पन्नावर इथे कर. तेवढ्यापुरतं चांदशीकरांचं बरोबर. पण डीटीव्ही घेऊन लांब राहिलात तर हिशेब बदलतो. तिथे कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की थायलंड तुम्हाला करापुरतं आपला माणूस मानतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेर कमावलेला पैसा तिथे आणला की तो करपात्र धरतं. इकडे आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात आणि अनिवासी ठरलात, तरी पगार भारतातल्या खात्यात जमा होत असेल तर ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ म्हणून तो इथे करपात्रच राहतो. जहाजावरच्या लोकांना यातून सूट देणारं परिपत्रक २०१७ मध्ये निघालं, पण ते परदेशी जाणाऱ्या जहाजांवर काम करणाऱ्या अनिवासी खलाशांपुरतं. लॅपटॉपवाल्यांनी ते दाखवू नये. आणि मुक्काम कायमचा लांबला तर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्यावं लागतं, हे कोणाच्याच ध्यानात नसतं.

सिन्नरकर
तुम्ही सगळे थायलंड आणि स्पेन करताय. आम्हाला साधं पुण्याला जाता येत नाही भाऊ. नाशिक-पुणे रेल्वे झाली असती तर ही चर्चाच झाली नसती. सकाळी गाडीत बसायचं, ऑफिस करायचं, रात्री घरी जेवायला. आमच्या शेतात मोजणीचे दगड रोवून गेले. त्यानंतर ना भाव ठरला ना गाडी आली. बँक त्या गटावर कर्ज द्यायला कां कू करते आणि गिऱ्हाईक तर फिरकतच नाही. माझा पोरगा चाकणच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवतोय.

चांदशीकर
सिन्नरकरांना शंभर टक्के अनुमोदन. आपल्याकडे आयटी आली असती, नाहीतर रेल्वे तरी आली असती, तर माझ्यासारख्याला चिआंग माई सुचलंच नसतं. शनिवारी पुण्याहून निघालं की नारायणगावपर्यंतच जीव जातो.

खगोल_नाशिक
रेल्वेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे रेल्वे अडली असं गावोगाव बोललं जातंय. ती दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, तिथे १९९० च्या दशकापासून आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्या अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात, आणि विजेवर धावणारी गाडी जवळून गेली की तो गोंगाट त्या लहरी बुडवून टाकतो. जागा निवडतानाच तिथला रेडिओ-शांत परिसर पाहिला होता. रेल्वे नंतर आखली. मार्ग आखणाऱ्यांनी हे आधी का पाहिलं नाही, हा प्रश्न विचारा.

सिन्नरकर
तुमची जमीन मोजली असती तर तुम्ही डिशचा व्यास सांगत बसला नसता. आम्ही दुर्बीण हलवा म्हटलेलंच नाही. आधी मार्ग पक्का करा आणि मग दगड रोवा, एवढंच म्हणणं आहे. आता शिर्डीकडून नेतो म्हणतात. म्हणजे संगमनेर-नारायणगाव पट्ट्यातल्या लोकांनी इतकी वर्षं वाट पाहिली ती फुकट.

खगोल_नाशिक
मग आपण एकच बोलतोय. ‘आधी मार्ग पक्का करा’ याला माझा कधीच विरोध नव्हता. पण गावात सभेत भाषणं होतात ती दुर्बिणीच्या विरोधात, मार्ग आखणाऱ्यांच्या विरोधात नाही. तुम्ही त्या सभांना जाता, तिथे हे उठून सांगा.

सिन्नरकर
मी कुठे उठायचं ते तुम्ही शिकवू नका. सांगितलंय मी. ऐकलं कोणी नाही.

इंदिरानगरकर
रेल्वेने आयटी येत नाही हो. माझा मुलगा घरूनच काम करतो, त्याला पुण्याचीही गरज नाही. त्याला बाहेर जायचंय कारण वय तिशीच्या आत आहे आणि जग पाहायचंय. आम्ही दोघं सत्तरीला आलोय, तरी मी त्याला म्हटलं जा. फक्त रीतसर जा. रात्री दीड वाजता परदेशातून ‘बाबा, मला विमानतळावर बसवून ठेवलंय’ असा फोन मला नकोय. या पोस्टी लिहिणाऱ्यांनी घरच्यांचा विचार करावा.

गोदाकाठ
इंदिरानगरकर, मनापासून आभार. रेल्वेसाठी वेगळा धागा काढा, मीही येईन तिथे भांडायला. इथे मूळ मुद्द्यावर या. चांदशीकर, ती पोस्ट अजून फिरतेय.

चांदशीकर
‘कंपनीला सांगायची गरज नाही’ हे वाक्य काढतो. तुमच्या भाषणामुळे नाही, रानजाईंच्या एचआरच्या मॅडममुळे. एकाच्या मुक्कामावरून अख्ख्या कंपनीच्या मागे तिथलं कर खातं लागू शकतं हे मान्य. बाकी पोस्ट ठेवणार. कंपनीचं पत्र मिळालं, पण खात्यात चौदा लाख नाहीत आणि पगार वर्षाला २४,००० डॉलर नाही, त्या माणसाने काय करायचं? याचं उत्तर या धाग्यात कोणी दिलेलं नाही.

रानजाई
पत्राबद्दल नेमकं सांगते, कारण पत्र मिळालं तर पुढचं सोपं होतं. नुसतं ‘वर्क फ्रॉम होम मंजूर’ चालत नाही. देशाचं नाव, कुठपासून कुठपर्यंत त्या तारखा, आणि क्लायंटच्या कराराची हरकत नसल्याचं वाक्य, हे तिन्ही लिहून मागा. कमी मुदत मागितली तर कंपनी लवकर ऐकते. माझ्या मैत्रिणीला वर्ष नाकारलं, एक तिमाही दिली. मलेशियाचा पास तीन महिन्यांपासून मिळतो, आणि तिथे पडून असलेल्या शिलकीपेक्षा पगार बघतात.

गोदाकाठ
चांदशीकर, ज्याच्याकडे ना शिल्लक ना तेवढा पगार, त्याच्यासाठी या यादीतला एकही व्हिसा नाही. हे मान्य, आणि ते अन्यायाचं आहे हेही मान्य. त्याने सुट्टी टाकावी, पंधरा दिवस फिरून यावं आणि लॅपटॉप घरी ठेवावा. ‘कोणी विचारत नाही’ हे वाक्य पोस्टमध्ये अजून आहे. ज्याला विचारतील त्याची नोकरी तुम्ही देणार नाही आणि मीही देणार नाही, म्हणून तेही काढा.

चांदशीकर
त्याच्या जागी ‘मला कोणी विचारलं नाही’ असं लिहितो. जे घडलं ते एवढंच आहे. यापुढे मागे हटणार नाही.