'ऐरणीच्या देवा' म्हणजे गरिबीची आरती? काहीही!

काल एका महाशयांनी लिहिलं, 'ऐरणीच्या देवा' ही गरिबीची आरती आहे, 'लेऊ लेणं गरिबीचं' म्हणजे कष्टकऱ्यांना गप्प बसवायची अफू. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, पुढे ऐका की! 'चणं खाऊ लोखंडाचं' आणि मग 'अबरूचं' जिणं. बाई धनदौलत मागतच नाही. शेवटी 'सोसायाला'ला लागूनच 'झुंजायाला' आहे, तेवढं बरं ऐकू आलं नाही. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' सिनेमातलं (१९६५) लोहाराचं जोडपं आहे ते, भीक मागणारं नव्हे.

टवाळ_पुणेकर: ते महाशय मीच. झुंजायचं कुणाशी? सावकाराशी? छे, नशिबाशी! आणि गाण्यात बाई मागते, धनी तेवढा वाघासारखा असू दे; ती कोण मग? लताबाईंच्या आवाजात वाणसामानाची यादीही गोड लागेल.

जुनी_तबकडी: नुसता आवाज नाही, चालही त्यांचीच. संगीतकार आनंदघन म्हणजे लताबाईच, ते त्यांचं टोपणनाव.

नाना_सातारकर: हे माहीत नसलेला इथे कोण आहे?

जुनी_तबकडी: इथे नसेल. आमच्या सोसायटीच्या गणपतीत निवेदक म्हणाला, 'लतादीदी आणि आनंदघन ही जोडी पुन्हा जमली नाही.' अरे, जमणार कशी! 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'तांबडी माती', सगळीकडे हीच 'जोडी'. मी उठून सांगायला गेलो तर माइक बंद केला. आणि गीतकार खेबूडकर मास्तरांचं नाव? घेतलंच नाही. गाणं काय आभाळातून पडलं?

नाना_सातारकर: निवेदकांवर वेगळा धागा काढा.

जुनी_तबकडी: तुम्ही काय इथले पाटील?

भात्यावरची: भांडा खुशाल, पण भाता ओढलाय का कुणी? माझे आजोबा लोहार. आजोबा सांडशीत फाळ धरायचे आणि घण आजी घालायची. मी भात्यावर. दोरी ओढली की भाता वर, सोडली की खाली. 'लक्षुमीच्या हातातली चवरी' मला तरी तीच वाटते.

नाना_सातारकर: असहमत. चवरी देवळातली. उगाच ओढूनताणून अर्थ.

भात्यावरची: ओढून खराच, भाता ओढूनच! आमचा देव देवळात नव्हता, ऐरण हाच देव. खंडेनवमीला तिलाच हळदकुंकू. एरवी चुकून पाय लागला तर पाठीत धपाटा. आजीच्या हातावर कोपरापर्यंत ठिणग्यांचे काळे डाग. 'माझं गोंदण' म्हणायची. आणि वर्षभर विळे-खुरपी करून खळ्यावर बलुतं मागायला गेलं की वाट्याला तळची, मातीमिसळ ज्वारी. आबरू म्हणजे काय ते तिथे कळतं, पुणेकर.

पण तुमचा एक मुद्दा खरा. घण आजीचा होता, गाण्यात तिच्या हाती चवरीच दिली.

टवाळ_पुणेकर: बरं बाई, 'अफू' मागे. वाघाचं मात्र मी सोडत नाही, तुमची आजी माझ्या बाजूने आहे.

भात्यावरची: आजी कुणाच्या बाजूने नव्हती. घण खाली आला की सगळे बाजूला व्हायचे.

जुनी_तबकडी: आणि त्या निवेदकाचं काय?