मदत हवी आहे: कोकणकड्याची खोली चौकटीत कशी आणावी?

नमस्कार.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे मनासारखे छायाचित्र मिळावे यासाठी मी गेली सहा वर्षे प्रयत्न करते आहे. आतापर्यंत चार वेळा गडावर जाऊन आले, तीन वेळा पाचनईच्या वाटेने आणि एकदा खिरेश्वरहून टोलारखिंडीतून. चारही वेळा सूर्यास्ताच्या आधी कड्यावर पोहोचले, हवा स्वच्छ मिळाली, रंग सुंदर मिळाले, आणि तरीही घरी येऊन चित्रे मोठ्या पडद्यावर पाहिली की त्यांत कडा सापडत नाही. एखाद्या पठाराची कड आणि पलीकडे धूसर दरी एवढेच दिसते. माझी अडचण उपकरणांची नसून रचनेची आहे असे मला वाटते, म्हणून ती सविस्तर मांडते.

ज्यांनी कडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा कडा पश्चिमेला, कोकणाकडे तोंड करून आहे. तो सरळ भिंतीसारखा नाही. नागाने फणा काढावा तसा तो आतून पोकळ आणि माथ्याशी पुढे झुकलेला आहे. त्यामुळे काठाशी उभे राहिले तर पायाखालची भिंत दिसतच नाही. पोटावर आडवे होऊन, कोपरे दगडावर रोवून डोके बाहेर काढावे लागते. खालून येणारा वारा तोंडावर आदळतो, कोपरांना कच टोचत असते, आणि पाकोळ्या आपल्या खालून उडत असल्यामुळे त्यांच्या पोटांऐवजी पाठी दिसतात. पाखरांच्या पाठी वरून पाहिल्या त्या क्षणी मला पहिल्यांदा त्या खोलीचा अर्थ कळला होता. नेमके तेच चित्रात यावे अशी माझी इच्छा आहे.

मला गडावर पहिल्यांदा नेले ते माझ्या मामांनी. आता त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना चढणे शक्य नाही. मागच्या वर्षी माझ्या मते उत्तम असलेले एक चित्र बारा बाय अठरा इंचांत छापून मी त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, चित्र खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "चित्र छान आहे गं, पण पोटात गोळा येत नाही." त्यांचे म्हणणे मला तंतोतंत पटले. तेव्हापासून हीच माझी कसोटी आहे.

आजवर काय करून पाहिले तेही लिहिते, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवले जाणार नाहीत. १६ मिलिमीटरच्या लेन्सने मधोमध उभी राहून कड्याचे दोन्ही बाहू (उत्तर आणि दक्षिण टोकांना पुढे आलेल्या भिंती) एका चौकटीत घेतले, तर पुढचा खडक अवाढव्य दिसतो आणि कडा आक्रसून मागे जातो. आठ-नऊ चौकटी जोडून पॅनोरमा केला, तर त्या जोडणीत सरळ रेषासुद्धा वाकतात, त्यामुळे कड्याचा खरा बाक कोणता आणि जोडणीने आलेला कोणता हे पाहणाऱ्याला उमगत नाही. अंदाज यावा म्हणून मैत्रिणीला काठापासून सुरक्षित अंतरावर बसवले, तर चित्र मैत्रिणीचे झाले. एकदा खाली बेलपाड्याहूनही प्रयत्न केला. तिथून कडा पूर्ण दिसतो, पण तो उंच भिंत म्हणून दिसतो, काठावर असल्याची जाणीव उरत नाही. ड्रोनचा उपाय कृपया सुचवू नये. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मला माणसाच्या डोळ्याला दिसणारा कडाच हवा आहे. इंद्रवज्राचे, म्हणजे दरीतल्या धुक्यावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचे, चित्रही मला नको आहे. त्यासाठी सकाळचे ऊन पाठीशी आणि दरीत धुके लागते, तो वेगळाच विषय आहे.

माझ्याकडे १६-३५, २४-७० आणि ७०-२०० अशा तीन लेन्स व मजबूत ट्रायपॉड आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा जाण्याचा विचार आहे. उभे कुठे राहावे, चौकटीत काय ठेवावे आणि काय गाळावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. आपण सगळे इतके नेमके लिहिले आहे की उत्तर आपल्या पहिल्याच परिच्छेदात सापडले. आपण चारही वेळा सूर्यास्ताला गेलात. कड्यावर बहुतेक सगळे त्याच वेळी जातात आणि माझ्या मते चित्र तिथेच फसते.

कडा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य मावळायला आला की त्याचे ऊन कड्यावर अगदी समोरून पडते. समोरून उजेड पडलेली वाटी ताटलीसारखी सपाट दिसते, मग ती कितीही खोल असो. खोलपणा डोळ्याला कळतो तो सावलीमुळे. डिसेंबरच्या मध्यावर दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य बरोबर नैर्ऋत्येला आणि क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर असतो. त्या वेळी कड्याचा उत्तरेकडचा बाहू उन्हात न्हालेला असतो, मधला भाग अर्धवट उजळलेला असतो आणि दक्षिणेकडच्या बाहूवर ऊन केवळ चाटून जाते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेड असा हळूहळू उतरत गेला की पोकळी आपोआप दिसू लागते. शिवाय माथा पुढे झुकलेला असल्याने त्याची सावली खालच्या भिंतीवर कमानीसारखी पडते आणि सूर्य उतरेल तशी ती वर सरकत काठाला येऊन मिळते. सूर्यास्ताला ही कमान शिल्लक राहत नाही. माझ्या अनुभवात साडेतीन ते साडेचार हा तास सर्वांत मोलाचा आहे. आपण बहुधा त्या वेळी देवळापाशी चहा घेत असाल.

दुसरा मुद्दा खडकाच्या थरांचा. सह्याद्रीचा हा सगळा खडक लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे आणि कड्याच्या भिंतीवर ते थर आडव्या पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात. नकाशावर समोच्च रेषा जसा डोंगराचा आकार सांगतात, तसेच काम या पट्ट्या करतात. समोरून त्या समांतर आणि निर्जीव वाटतात, पण एका टोकावरून पाहिले की त्याच पट्ट्या वळत वळत आत जातात आणि पलीकडच्या बाहूवर पुन्हा बाहेर येतात. डिसेंबरात थरांमधल्या कपारींवर वाळलेले पिवळे गवत असते, ते तिरप्या उन्हात उजळते आणि प्रत्येक पट्टी अधोरेखित होते. माझे सांगणे एवढेच की आपले चित्र कड्याचे न समजता या पट्ट्यांचे समजावे. काठ, दरी, आकाश यांतले जे पट्ट्यांना मदत करत नाही ते गाळून टाकावे.

म्हणून मध्यभाग सोडून उत्तरेकडच्या बाजूला जावे आणि दक्षिणेकडे पाहावे. जाताना काठाने न जाता पठारावरून आत वळसा घालून जावे. सूर्य उजव्या हाताला तिरका समोर येईल, तेव्हा लेन्सवर टोपीची सावली धरावी लागेल. लेन्स ३५ ते ५० मिलिमीटरच्या आसपासची घ्यावी आणि चौकट उभी धरावी. आकाश पूर्ण काढून टाकावे किंवा वर बोटभर ठेवावे, कारण आकाश दिसले की नजर लगेच तिकडे जाऊन विसावते. जवळच्या काठाचा तुकडा खालच्या एका कोपऱ्यात असू द्यावा. तो तुकडा म्हणजे पाहणाऱ्याचे पाय आहेत. तो नसेल तर चित्र हवेत तरंगते आणि जास्त झाला तर दरी झाकली जाते.

माणूस हवाच असेल तर तो आपल्या बाजूला नको, समोरच्या काठावर हवा. तिथे तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसेल. पाहणाऱ्याला तो आधी दिसणारच नाही आणि दिसेल तेव्हा खालची भिंत एकदम वाढेल.

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. साडेतीनच्या सुमारास मी खरोखरच देवळापाशी किंवा केदारेश्वराच्या गुहेत असते, कारण दुपारचे ऊन कामाचे नाही असे आम्हाला सुरुवातीलाच शिकवले गेले आणि मी ते कधी तपासून पाहिले नाही. सपाट मैदानासाठी ते खरे असेल, पण पश्चिमेला तोंड असलेल्या पोकळ भिंतीला तो नियम लागू पडत नाही हे आता लक्षात आले.

पट्ट्यांचा मुद्दा वाचून मी जुनी चित्रे पुन्हा उघडली. ऑक्टोबरातल्या एका चित्रात, मी टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेल्या, हिरव्या गवताच्या तीन रेषा आत वळताना स्पष्ट दिसतात. कोपऱ्यात आकाशाचा पांढरा ठिगळ आहे, म्हणून मी ते नाकारले होते. तेवढा भाग कापल्यावर चित्र निराळेच झाले.

एक शंका आहे. ५० मिलिमीटरच्या उभ्या चौकटीत पट्ट्यांचा आत जाणारा भाग येईल, पण तळ येईल का? तळ नसेल तर खोली अपुरी वाटणार नाही का?

प्रतिसाद २

तळ दाखवण्याचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे. तळाची झाडी दिसली की नजरेला टेकायला जागा मिळते. पट्ट्या खाली उतरत चौकटीबाहेर गेल्या तर त्या कुठवर जातात हे पाहणारा स्वतःच ठरवतो. तरी तळ हवाच असेल, तर कॅमेरा आडवा धरून वरून खाली तीन चौकटी घ्याव्यात आणि त्या जोडाव्यात. आपल्या आधीच्या पॅनोरमात आडव्या रेषा वाकल्या होत्या. वरून खाली जोडताना रुंदी एका चौकटीएवढीच राहते, त्यामुळे पट्ट्यांचा बाक फारसा बिघडत नाही.

आणखी एक वेळ सुचवतो, जी फार थोडे लोक वापरतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या पहाटे चंद्र वायव्येला मावळत असतो, म्हणजे दुपारच्या सूर्याच्या उलट बाजूने कड्यावर उजेड येतो. तेव्हा दक्षिणेकडचा बाहू उजळलेला आणि उत्तरेकडचा सावलीत असतो. मात्र अंधारात काठाजवळ हालचाल करू नये. जागा आदल्या दिवशी उजेडात ठरवून ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा दगड ठेवून कराव्यात, सोबत एक माणूस मागे बसलेला असावा आणि ट्रायपॉडचे पाय पूर्ण न उघडता तो बुटका ठेवावा. तिथला वारा खालून वर येतो आणि उंच ट्रायपॉडला तो सहज हलवतो. काठाजवळचे सुटे दगडही भरवशाचे नसतात, त्यांवर भार देऊ नये.

धागाकर्तीचे उत्तर (डिसेंबर)

परवा गडावरून परतले. झालेले सगळे लिहिते, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.

पहिल्या दिवशी तीन वाजताच कड्यावर गेले. तिथे एक कुत्रा आणि पुण्याहून आलेले दोन विद्यार्थी एवढेच होते. साडेतीनला दक्षिणेचा बाहू जवळजवळ काळा होता. पावणेचारच्या सुमारास त्यावरची एकेक कपार उजळू लागली, आधी गवताची टोके आणि मग त्याखालचा खडक. माथ्याची सावली कमानीसारखी पडते हे वाचले होते, तरी ती डोळ्यांदेखत वर सरकताना पाहून मी काही मिनिटे कॅमेऱ्याला हातच लावला नाही. चारला दहा कमी असताना घेतलेली ४५ मिलिमीटरची उभी चौकट मला आतापर्यंतची सर्वोत्तम वाटते. तीत आकाश नाही, खालच्या डाव्या कोपऱ्यात काठाचा तळहाताएवढा तुकडा आहे आणि पाच पट्ट्या आत जाऊन परत बाहेर येतात. ते दोन विद्यार्थी काही वेळाने फिरत समोरच्या बाजूला गेले आणि एका चौकटीत काठापासून थोडे आत उभे असलेले सापडले. त्यांतल्या एकाचे जॅकेट लाल आहे, म्हणून तो जरा लवकर दिसतो. करडे असते तर बरे झाले असते.

तळासह तीन चौकटी जोडूनही पाहिल्या. प्रतिसाद २ मधले मत पटले, तळ आल्यावर चित्र शांत होते. पहाटेच्या चंद्राला या वेळी तिथीच नव्हती, त्यामुळे तो प्रयत्न राहिला.

आता शिल्लक राहिलेली अडचण. मोबाइलवर पाठवलेले चित्र पाहून मामांनी लगेच फोन केला. पट्ट्या त्यांना आवडल्या, पण "खाली एवढा काळोख कसा, आपण आडवे झालो होतो तेव्हा खाली निळे दिसत होते" असे ते म्हणाले, आणि त्यांचे बरोबर आहे. सावलीतल्या भिंतीवर तिथे खरोखर निळसर उजेड होता, माझ्या चित्रात ती जवळजवळ काळी झाली आहे. सावली संगणकावर उजळली की पट्ट्यांचा उठाव जातो आणि चित्र पुन्हा सूर्यास्तासारखे सपाट होते. सावली तशीच ठेवली तर मॅट कागदावर ती आणखी गडद छापली जाईल. सावलीचा निळेपणा राखून, उठाव न घालवता असे चित्र छापण्याचा अनुभव कोणाला असेल, तर कागद कोणता घेतला आणि सावली किती उजळली हे कृपया सांगावे. आधीच्या मापाचेच, बारा बाय अठरा इंचांचे चित्र करायचे आहे.