मुलांच्या किडक्या दातांचा जाब आईलाच का?

पाटी_पेन्सिल (धागाकर्ती)

चार वर्षांचं मूल. सहा दात किडलेले, त्यातले दोन काढावे लागणार. डॉक्टर आईला म्हणाले, "रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवलंत, आता भोगा." ही आई माझ्या ओळखीची. ती रात्रपाळी करते. बाटली देणारे हात तिचे नव्हतेच, पण जाब तिलाच.

मी काही वर्षं शालेय पाहण्यांमध्ये मुलांचे दात मोजण्याचं काम केलं आहे. त्यामुळे हे ऐकून डोकं जरा जास्तच तापलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. इतक्या आया एकाच वेळी निष्काळजी निघाल्या, हे मला पटत नाही. यामागे 'सामाजिक घटक' असतात: घराचं उत्पन्न, शिक्षण, कामाच्या वेळा.

आणि हा प्रश्न 'गरीब विरुद्ध बाकीचे' असाही नाही. साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांच्या हृदयविकारात जे दाखवलं तेच दातांत दिसतं: मधे दरी नसते, जिना असतो. वरच्या पायरीपेक्षा त्याखालच्या पायरीवर कीड थोडी जास्त, त्याखाली आणखी थोडी. मधल्या पायऱ्यांवरची घरं काही उपाशी नसतात, तरी फरक पडतोच. म्हणून 'नीट ब्रश करा, गोड कमी द्या' हा सल्ला पुन्हा पुन्हा देऊन आपण नक्की काय साधतो, हा माझा प्रश्न आहे. ज्या घरात वेळ आणि पैसा आहे ते घर तो सल्ला लगेच उचलतं. बाकीचे मागे राहतात, अंतर वाढतं.

अक्कलदाढ

मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे, तेव्हा त्या डॉक्टरांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. 'भोगा' हा शब्द वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण माझ्या खुर्चीवर 'सामाजिक घटक' येऊन बसत नाही, रडणारं मूल बसतं.

तोंडात साखर गेली की जंतू आम्ल तयार करतात. काही मिनिटांत दातावरच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि दाताचं कवच विरघळू लागतं. मग लाळ ते सावरते, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. स्टीफन या संशोधकाने हा आलेख १९४४मध्ये काढला, आजही तोच शिकवतात. रात्री लाळ जवळजवळ थांबते, म्हणून बाटली घातक. जंतूंना घराचं उत्पन्न विचारायची सवय नाही. चांगल्या खात्यापित्या घरातली, दहा-दहा दात किडलेली मुलंही मी पाहते. आईला 'तुमचा काही दोष नाही, हे सगळं समाजामुळे' असं सांगितलं तर ती घरी जाऊन आज रात्री काय बदलेल?

पाटी_पेन्सिल

डॉक्टर, आलेख मान्य. पण तो तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने बोलतो. त्यातून कळतं ते एवढंच की साखर एकूण किती यापेक्षा ती किती वेळा तोंडात जाते हे जास्त महत्त्वाचं. आता 'किती वेळा' हे ठरवतं कोण? दिवसभर चार वेगवेगळ्या माणसांच्या हाती फिरणारं मूल आणि एकाच माणसाजवळ राहणारं मूल, यांच्या खाण्याच्या वेळा सारख्या असतील का? रडणारं मूल पाच मिनिटांत गप्प करायचं असेल तर हातात काय दिलं जातं? ते ज्याला गप्प करावं लागतं त्याच्या मागे आणखी किती कामं उभी असतात?

आणि खुर्चीवरच्या सल्ल्याबद्दल. उत्तर आयर्लंडमध्ये एक मोठी चाचणी झाली. दोन-तीन वर्षांची, एकही दात न किडलेली मुलं निवडली. एका गटाला दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे फ्लोराइड वार्निश (कीड रोखायला दातांवर लावतात तो लेप), वर फ्लोराइडची पेस्ट, ब्रश आणि सल्ला. दुसऱ्या गटाला फक्त सल्ला. तीन वर्षांनी सल्लावाल्या गटातल्या ३९ टक्के मुलांना कीड लागली होती, सगळं मिळालेल्यांत ३४ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान. सगळं हाताशी देऊन ही गत. मग नुसत्या सल्ल्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

अक्कलदाढ

तीच चाचणी नीट वाचा, दातांच्या एकूण किडलेल्या पृष्ठभागांत फरक पडला होता. कीड थांबली नाही, पण कमी झाली. दुखरा दात एक कमी असणं म्हणजे काय, ते रात्रभर मूल मांडीवर घेऊन बसलेल्याला विचारा.

तिरका_चष्मा

दोघांचं चालू द्या, मी तिसरीकडून दगड मारतो. मला संशोधकांचाच राग आहे. गेली कित्येक वर्षं तेच चाललंय: आईचं शिक्षण मोजा, घराचं उत्पन्न मोजा, मुलाचे किडलेले दात मोजा, आलेख काढा, उतार दिसतो, निबंध छापा, शेवटी 'आणखी संशोधनाची गरज आहे' लिहा. उतार आहे हे एव्हाना शेंबड्या पोरालाही माहीत झालंय. उतार कशामुळे आहे, हे तुमच्या आकडेवारीतून कळतच नाही. उत्पन्न कमी म्हणून कीड, की उत्पन्न आणि कीड दोन्हींमागे तिसरंच काही? एकदाच केलेल्या पाहणीतून हे सुटत नसतं.

एक जुना किस्सा. साखर आणि कीड यांचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून स्वीडनमधल्या विपेहोल्मचं नाव घेतात. तिथे १९४५ नंतर मतिमंदांच्या संस्थेतल्या प्रौढ रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घातल्या, आणि दात कसे कुजतात ते नोंदवलं. दोन जेवणांच्या मधे चिकट गोड सर्वात वाईट, हे त्यातूनच आलं. म्हणजे आपण आज मुलांना जे सांगतो ते कुणाच्या तोंडातून शिकलो, ते बघा. 'नाही' म्हणण्याची ज्यांची ऐपतच नव्हती त्यांच्या! सामाजिक घटकांवर निबंध लिहायचा तर तो इथून सुरू करा.

उन्हाळी_पाऊस

चष्मेवाले, विपेहोल्मबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'संशोधनाने काहीच हाती लागलं नाही' याला असहमत. स्कॉटलंड बघा. तिथे चाइल्डस्माइल नावाचा कार्यक्रम आहे. त्याचा गाभा इतका साधा की लाज वाटावी: बालवाडीत शिक्षकांच्या देखरेखीखाली सगळी मुलं रोज फ्लोराइड पेस्टने दात घासतात. सगळी, निवडक नव्हे. पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी दिसणारी कीड नसलेली मुलं २००३मध्ये साधारण ४५ टक्के होती, २०२०मध्ये ७४ टक्क्यांच्या आसपास. आठव्या वर्षी उपचारांवरचा वाचलेला खर्च कार्यक्रमाच्या खर्चाच्या अडीचपटीहून जास्त निघाला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, इथे दात घासून सरकारी तिजोरी भरली.

अक्कलदाढ

:) म्हणजे शेवटी जिंकला कोण? ब्रशच ना! मी काय वेगळं म्हणत होते?

पाटी_पेन्सिल

ब्रश जिंकला, सल्ला नाही. तुम्ही ब्रश आईच्या हातात देऊन घरी पाठवता, त्यांनी तो बालवाडीच्या रोजच्या वेळापत्रकात घातला. रात्रपाळी असो, घरात आजारपण असो, मूल बालवाडीत आलं की दात घासले जातात. कुणाच्या इच्छाशक्तीची परीक्षा नाही. साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५मध्ये हाच भेद मांडला होता. या माणसाला हा आजार का झाला, हा एक प्रश्न. या समाजात हा आजार इतका का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात. तुम्ही पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता, आणि ते बरोबरच आहे, पण त्याने दुसरा सुटत नाही.

तिरका_चष्मा

पाऊससाहेब, अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०२०मध्ये स्कॉटलंडच्या सर्वात वंचित भागात कीड नसलेली मुलं ५८ टक्के, सर्वात संपन्न भागात ८७. अंतर उरलंच की!

उन्हाळी_पाऊस

उरलं. ते लपवायचं कारण नाही. पण ५८ हा आकडा २००३च्या सरासरी ४५ पेक्षा वर आहे. सर्वात खालची पायरी तेव्हाच्या सरासरीच्या पुढे गेली, हे कमी आहे का?

जुना_गडी

एवढी भवति न भवति कशाला? नळाच्या पाण्यात फ्लोराइड टाका, प्रश्न मिटला. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्समध्ये १९४५पासून करतात. कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११मध्ये बंद केलं, तर सात-आठ वर्षांनी तिथल्या दुसरीच्या ६५ टक्के मुलांच्या दातांत कीड, आणि त्याच प्रांतातल्या एडमंटनमध्ये, जिथे चालू होतं, तिथे ५५. लोकांनी मत देऊन परत आणलं, २०२५मध्ये पुन्हा सुरू झालं. पाणी सगळेच पितात. सल्ला नको नि जाबही नको.

तिरका_चष्मा

कॅलगरी चांगलं उदाहरण आहे. पण कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०२४चा आढावाही बघा. फ्लोराइडची पेस्ट घरोघरी पोचल्यानंतरच्या काळात पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीपेक्षा बराच कमी दिसतो. आणि श्रीमंत-गरिबांतलं अंतर त्याने कमी होतं का, हे सांगण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. शिवाय सगळीकडे पाणी एकाच नळातून येत नाही. जिथे जमिनीतच फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर आहे तिथे, जास्त फ्लोराइड घातक म्हणून, ते काढायची मारामार असते.

एक_बाप

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. तुम्ही सगळे 'आई, आई' करताय. मी एकटा दोन मुलं वाढवतो. मोठीच्या चार दाढा भरल्या. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस काम बुडालं, कारण दवाखाना उघडा असण्याची वेळ आणि माझी कामाची वेळ एकच. तिसऱ्या खेपेला जाता आलं नाही. पुढच्या वेळी कागदावर शेरा: 'पालक अनियमित'. डॉक्टरबाई, तुम्ही चांगल्या असाल. पण तो शेरा कुणी लिहिला आणि का लिहिला, याचं उत्तर तुमच्या पीएचच्या आलेखात नाही.

आणि धागाकर्त्या, तुम्हालाही एक. 'तुमचा दोष नाही' हे ऐकूनही मला बरं वाटत नाही. मुलगी माझी आहे. मला माझ्या हातात काहीतरी हवंय.

अक्कलदाढ

तुमचा शेवटचा मुद्दा मी गेले दोन दिवस सांगायचा प्रयत्न करतेय, तुम्ही तो दोन ओळींत सांगितलात. शेऱ्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

पाटी_पेन्सिल

@एक_बाप, टोचलं आणि योग्य टोचलं. दोष काढून घेणं आणि हातातली ताकद काढून घेणं एक नव्हे, पण ऐकणाऱ्याला ते एकच वाटू शकतं, हे मी विसरले होते.

त्या शेऱ्यावरून एक आठवलं. तिरक्या चष्म्यांना मोजणीचा राग आहे म्हणून मुद्दाम सांगते. इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलांच्या दातांची पाहणी होते. २००६मध्ये संमतीचा नियम बदलला. पूर्वी पालकांनी नकार कळवला नाही तर मूल तपासलं जाई, नंतर पालकांची सही असेल तरच. सहभाग घटला, आणि गळाली ती मुख्यतः जास्त कीड असणाऱ्या घरांतली मुलं. त्यामुळे पुढचे आकडे आधीच्यांशी ताडून बघता येत नाहीत; एक कागद परत आला नाही म्हणून मुलं गणतीतूनच गेली. अनियमित पालक, दुसरं काय!

तिरका_चष्मा

हे माहीत नव्हतं. मानलं. माझा राग मोजण्यावर नाही, मोजून थांबण्यावर आहे. साखरेच्या पेयांवर ब्रिटनने २०१८मध्ये कर लावला. कंपन्यांनी करातून सुटायला साखरच कमी केली. नंतरच्या अभ्यासात किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात भरती होणारी मुलं अपेक्षेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळली, सर्वात जास्त घट लहानग्यांत. एकाही आईला एक शब्द न बोलता. असल्या संशोधनाला माझा पाठिंबा आहे.

जुना_गडी

मग पाण्यातही टाका म्हणतोय मी, कुणी ऐकत नाही.

पाटी_पेन्सिल

@अक्कलदाढ, एक विचारू? तुमच्या केसपेपरवर काय छापलंय? 'रात्री बाटली देता का' असं असेल. 'रात्री मुलाजवळ कोण असतं' असं कुठे आहे का? किंवा 'कुठली वेळ जमेल'?

अक्कलदाढ

आत्ता काढून पाहिला. नाही. 'आईचे नाव' आहे, 'वडिलांचा व्यवसाय' आहे, आणि बाटलीचा प्रश्न ठळक अक्षरात. वेळेचं काही नाही. सोमवारी बदलून बघते. पण बाटलीचा प्रश्न काढणार नाही, आधीच सांगते.

एक_बाप

नका काढू. फक्त 'भोगा' म्हणू नका.