मदत हवी आहे : बाहेरच्याला 26 टक्के द्यावेत का?

नमस्कार मंडळी, सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे, पंपाची बिडाची कास्टिंगं (साच्यात ओतलेले भाग) काढतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, शेअर्स बाबा आणि चुलत्यांचे अर्धे अर्धे. आता एक ओळखीचे गृहस्थ नवीन इंडक्शन फर्नेससाठी (धातू वितळवायची विजेवरची भट्टी) पैसे घालायला तयार झालेत पण त्यांना 26 टक्के शेअर्स पाहिजेत, आणि सीए म्हणतात हा आकडा उगाच नाही, कारण कंपनी कायदा 2013 नुसार स्पेशल रिझोल्यूशनला, म्हणजे कंपनीच्या काही मोठ्या निर्णयांच्या ठरावाला, 75 टक्के मतं लागतात, म्हणजे 26 वाला एकटा ठराव अडवू शकतो!

बाबा अजून कास्टिंगवर हातोडी मारून आवाज ऐकतात, बद्द वाजलं म्हणजे आत तडा असणार, की पीस बाजूला. त्यामुळे रिजेक्शन (गिऱ्हाइकाकडून नाकारला जाणारा माल) कमी आहे हे मान्यच, पण भाव कुठल्या ऑर्डरला काय द्यायचा ते बाबा आणि चुलते दोघांच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही, आणि दोघांचं पटलं नाही की निर्णय महिनाभर लटकतो. मला वाटतं खरा तोटा तिथंच होतो, मशीन जुनं म्हणून नाही.

किर्लोस्करवाडी 1910 साली आपल्याच जिल्ह्यात उभी राहिली, किर्लोस्करांच्या घरचाच कारखाना होता की, मग सगळा दोष घरच्या मालकीचाच असंही कसं म्हणायचं?

ज्यांनी बाहेरचा भागीदार घेतला त्यांनी प्लीज सांगा, नफा खरंच वाढला का नुसती भांडणं वाढली? शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटमध्ये (भागधारकांच्या आपसातल्या करारात) काय लिहून घेतलं? शेअर न देता बँकेचं टर्म लोन (ठरावीक मुदतीत हप्त्यांनी फेडायचं कर्ज) परवडेल का? पुढच्या सोमवारी बैठक आहे.