देवाचं भय की माणसांचं? तरुण संघाच्या अभ्यासासाठी मदत हवी

प्रश्न: ४५ मिनिटांचा बायबल अभ्यास घ्यायचा आहे. मत्तय १०:२८ (शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, तर आत्मा आणि शरीर दोन्हींचा नरकात नाश करू शकणाऱ्याला भ्या) वाचलं की मुलं नरकाच्या विचारातच अडकतात. काय करावं?

उत्तर १: ते वचन सुटं वाचू नका, २६ ते ३१ सलग घ्या. एवढ्यात ‘भिऊ नका’ ३ वेळा येतं आणि लगेच चिमण्या, डोक्यावरचे केस. ज्याचं भय धरायचं, तोच चिमणीचीही दखल घेणारा पिता आहे! अर्धा वेळ इथेच गेला तरी जाऊ द्या.

उत्तर २: पुढे देवाची आज्ञा मोडणारा इस्राएलचा राजा शौल, १ शमुवेल १५. वचन २४ मध्ये तो कबूल करतो की लोकांना भिऊन त्यांचं ऐकलं. पण वचन ३० मध्ये शमुवेल संदेष्ट्याला पुन्हा म्हणतो, वडीलजनांसमोर माझा मान राख. पश्चात्तापातही नजर लोकांवरच. हे मुलांनाच शोधू द्या. वेळ उरला तर येशूचा शिष्य पेत्र: प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये ‘माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे’ म्हणणारा निर्भय पेत्र गलतीकरांस पत्र २:१२ मध्ये लोकांना भिऊन यहुदी नसलेल्यांच्या पंगतीतून मागे सरतो.

उत्तर ३: मुलं यातून उर्मटपणाची मुभा काढतात, म्हणून १ पेत्र २:१७ जोडाच. देवाचं भय आणि राजाचा मान एकाच वचनात आहेत. शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी (निर्गम १:१७) देवाचं भय धरून मिसरचा राजा फारो याचा हुकूम मोडला खरा, पण तो हुकूम नवजात इब्री मुलगे मारण्याचा होता.