आपलं गाणं, आपला बँड : तुमचे अनुभव लिहा

आमच्या बँडमध्ये गाण्यावर पोट असलेलं कोणीच नाही. ड्रमर सीए आहे, गायिका दातांची डॉक्टर, लीड गिटारवाला चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करतो आणि मी मुद्रितशोधन करते, बँडमध्ये ऱ्हिदम गिटार. रविवारी सकाळी जॅमपॅड, म्हणजे सरावाची खोली, तासाच्या भाड्याने घ्यायचा, पैसे वाटून घ्यायचे, नंतर मिसळ. नुकताच निव्वळ आमच्या गाण्यांचा तासाभराचा कार्यक्रम बसला आणि वाटलं, असं हौसेनं गाणी करणारे आपल्यात बरेच असतील, त्यांना लिहितं करावं.

सुरुवात मीच करते. मला मोठ्या अभंगाचा साचा फार आवडतो. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. शतकानुशतकं लोकांच्या तोंडी बसलेला हा साचा, त्यामुळे ऐकणाऱ्याचा कान आधीच तयार असतो. भोरहून महाडकडे वरंधा घाट उतरताना हे सुचलं :

घाट उतरता / धुक्यामध्ये गाडी / झाडामागे झाडी / गाव दिसे

कॉर्ड साधेच : जी, ई मायनर, सी, डी. मी एकसारखं स्ट्रमिंग करत चारही चरण म्हणून दाखवले. लीडवाला म्हणाला, "चौथ्याला दोन अक्षरं कमी आहेत ना? तिथे तू थांब. ती जागा मला दे." 'गाव दिसे'नंतर त्याने चार-पाच सुरांची एक बारीकशी सुरावट टाकली. आता लोक शब्दांच्या आधी तीच गुणगुणतात. लिहिताना ती जागा मला दिसलीच नव्हती. गाणं लिहितो एक जण, पण ते पुरं होतं चौघांत, आणि मला बँड हवा असतो तो ह्यासाठीच.

तुमचं पहिलं गाणं कसं झालं, कोणासोबत वाजवता, काय वाजवता, सगळं लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

दादर, निवृत्त, अकूस्टिक गिटार

आमच्या कॉलेजच्या काळात धोबीतलावचं रंगभवन हे आमचं पंढरपूर होतं. १९८६ साली तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक बँडचा महोत्सव सुरू झाला. इथली मुलं स्वतःची गाणी स्टेजवर वाजवतात हे त्या काळात अप्रूप होतं. रॉक मशीन हा बँड, म्हणजे पुढे ज्यांचं नाव इंडस क्रीड झालं, त्यांना ऐकून मी इंग्रजीत गाणी लिहायला लागलो. मग नोकरी, संसार. गिटार कपाटावर गेली, पण विकली नाही.

निवृत्तीनंतर मराठीत लिहायला घेतलं. माझी पद्धत अशी की आधी चाल, तीही 'ना ना दी रा' अशा कशाही अक्षरांवर. ती दोन-तीन दिवस डोक्यात टिकली तर शब्द शोधायचे. आमच्यात गाणारी मुलगी पंचविशीतली आहे. एका गाण्यात सगळ्यात वरचा सूर माझ्या 'मिठी'तल्या 'ठी'वर येत होता. ती म्हणाली, "काका, इथे तोंड मिटतं, आवाज चिरटा होतो. 'आ'कार द्या ना." मी 'साथ' केलं. ओळ अर्थानेही सुधारली. तेव्हापासून वरच्या सुरावर कोणता स्वर येतोय हे मी आधी बघतो, यमकाचं नंतर. नव्याने लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन की गायकाला पहिल्या कच्च्या खर्ड्यापासून सोबत घ्या.

नागपूर, इलेक्ट्रिक गिटार

काका, 'पंढरपूर' एकदम पटलं! आमच्याकडे बँडचा खरा मोसम हिवाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, हवा कोरडी ठक्क, गिटारचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. त्यावर आमच्या बेसवाल्याने उपाय काढला. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी गिटारच्या केसमध्ये, मानेच्या खालच्या खोबणीत. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज भिजवायचा. चांगलं चालतं.

आमचं सगळ्यांत लाडकं गाणं उन्हाळ्याचंच आहे. दुपारी कूलरसमोर बसून केलं. वाळ्याचा वास, पंपाचा ठेका आणि ड्रमर त्या ठेक्यावर मांडीवर थापा देतोय. मी जाड तार ई वरून डी वर उतरवली आणि एका बोटाचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, सापडला. शब्द वऱ्हाडीत आले, कारण घरात आम्ही तसंच बोलतो : "ऊन कायचं बाप्पा, आग पडून रायली". शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं तेव्हा पाचशे पोरं ही ओळ ओरडत होती, मागे उभे शिक्षकसुद्धा. आपण घरात बोलतो ती बोली मोठ्या अँपवर ऐकायची ताकदच और.

ठाणे, बेस

मी चाळिशीत बेस शिकले. बँडमध्ये बेसची जागा रिकामी होती, मला आत शिरायचं होतं, म्हणून. आता दुसरं काही वाजवावंसं वाटत नाही. बेसच्या चार तारा गिटारच्या जाड चार तारांसारख्याच, ई ए डी जी, फक्त एक सप्तक खाली. घरी हेडफोन लावून सराव करते, शेजाऱ्यांना पत्ता नसतो.

ड्रमच्या किकवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर, माझा सूर नेमका पडला की दोन्ही मिळून एकच आवाज होतो, छातीत जाणवतो. आमच्या एका गाण्यात दुसरं कडवं निरोपाचं आहे. तिथे काय वाजवू हे बरेच रविवार सुचत नव्हतं. शेवटी त्या कडव्यात मी वाजवणंच थांबवलं. नुसती गिटार आणि आवाज. धृपदाला परत येते तेव्हा खोली भरून येते. शब्द माझे नाहीत, चाल माझी नाही, पण ते कडवं माझं आहे असं मला मनापासून वाटतं.

मिरज, गिटार आणि थोडी पेटी

आमचं गाव तंतुवाद्यांचं. सतार-तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले बघतच मोठा झालो, त्यामुळे कान तंबोऱ्यावर घडला. गिटार हातात आली तेव्हा तिचा गंधार मला टोचायचा. कारण नंतर कळलं. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा पडतो.

मी वाट काढली ती तारा लावण्यात. जाडीकडून बारकीकडे डी ए डी जी ए डी. डीला षड्ज धरला तर सा प सा म प सा. गंधार कुठल्याच मोकळ्या तारेवर नाही. खाली सा-प घुमत राहतात आणि गंधार गाणारा आपल्या गळ्याने घेतो, हवा तिथे. आमचा गायक भजनी मंडळातला, त्याला हे असं मिळाल्यावर तो सुटलाच. भूपाच्या सुरांवर एक गाणं केलंय, शब्द त्याच्या बायकोचे, पेरणीनंतर पावसाची वाट बघण्याचे. गिटारवर मी कॉर्ड जवळजवळ धरतच नाही. ज्यांना रागातली चाल कॉर्डमध्ये कोंबल्यासारखी वाटते, त्यांनी अशा तारा जरूर लावून बघा. बारकी तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए आणि जाड ई वरून डी. बाकी तीन तशाच.

मडगाव

आमच्या बँडमध्ये ड्रमसेटच्या जागी घुमट आहे. मातीचा घट, एका तोंडावर ताणलेलं कातडं. गोव्याने २०१९ साली त्याला वारसा वाद्याचा मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, मग वाजवण्याआधी शेकून घ्यायचं आणि तेवढ्या वेळात गिटार सुरात लावून होते. घुमटवाला शिगम्यात वाजवणारा, मी चर्चच्या कॉयरमध्ये नोटेशन शिकलेला. तो मात्रा बोलून दाखवतो, मी लिहून घेतो. गाणी कोंकणीत आणि मराठीत, ज्याला जशी सुचतील तशी.

टोरांटो

इथल्या गणेशोत्सवात आमच्या मुलांनी यंदा आपलं गाणं वाजवलं. शब्द अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी, विषय पहिला बर्फ. मराठी ओळींसाठी माझी लेक आजीला व्हिडिओ कॉल लावून बसली होती. "आजी, 'भुरभुर' बर्फाला चालतं का?" आजीने चालतं म्हटलं, शिवाय चालीत एक हरकतही सुचवली. ती तशीच ठेवलीय. नागपूरकर, तुमची साबणाची डबी उद्याच करते. हिवाळ्यात हीटरने इथेही घरातली हवा तशीच कोरडी होते.

पुणे (धागाकर्ती)

मिरजकर, कालच सा प सा म प सा लावून घाटाचं गाणं वाजवून बघितलं. लीडवाल्याची सुरावट त्यात आणखी मोकळी झाली. एक अडचण आहे : बारकी तार खाली उतरवल्यावर सैल पडून खडखडते. तुम्ही जाड गेजचा, म्हणजे जाड तारांचा, संच वापरता का? बाकीच्यांनीही कोणत्या तारा वापरता ते लिहा, आणि ज्यांनी अजून नुसतं वाचलंय त्यांनी आपलं गाणं सांगा.