अनुभव धागा: पुण्यात सापडलेली माझी वस्तू आणि माझी रोजची चैन

मागच्या आठवड्यात आईची इरकल साडी कपाटातून काढली. गर्द निळं अंग, गोमीचा काठ, लाल पदर आणि त्यावर पांढरे पट्टे. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. हे आईनेच मला लहानपणी पदर उलटा करून दाखवलं होतं. साडी उत्तम राहिली होती, पण तिच्यावरचा ब्लाउज आईच्या मापाचा होता आणि काखेत विरलाही होता. म्हणून साडी पिशवीत घालून लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरला गेले.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. दुकानात भिंतभर टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे, गठ्ठे रंगाच्या उतरंडीने लावलेले असतात. साडी काउंटरवर ठेवली, तर त्या दादांनी नुसती नजर टाकून सहा निळे काढले. ट्यूबलाइटखाली मला ते सगळे एकसारखे दिसले. तेच म्हणाले, "ताई, असं नाही कळायचं, बाहेर उजेडात या." आम्ही दुकानाच्या पायरीवर आलो. त्यांनी एकेक निळ्याचं टोक साडीच्या अंगावर टाकलं. पाच निळे वेगळे उठून दिसले, सहावा टाकला आणि कापड कुठे संपलं, साडी कुठे सुरू झाली तेच कळेना. पण तो हातात धरल्यावर मला जाणवलं की मला तो नको आहे. आई नेहमी अंगाच्या रंगाचाच ब्लाउज घालायची. मला पदरातला लाल हवा होता. दादांनी एका शब्दाने न कुरकुरता परत आत जाऊन लाल काढले आणि पुन्हा आम्ही पायरीवर आलो.

साडी आईची आणि तिच्यावरचा लाल माझा, हे मनात पक्कं झालं तेव्हा फार बरं वाटलं. येताना मंडईजवळून अबोलीचा गजरा घेतला. काही निमित्त नव्हतं.

तर या धाग्यावर लिहा. पुण्यात तुम्हाला अशी कोणती वस्तू, कापड, दागिना, कारागीर सापडला की ज्यामुळे तुमची नेसण्या-घालण्याची रीत ठरली? आणि तुमची रोजची छोटी चैन कोणती? महागाचं असण्याची अट नाही.

शनिवार पेठ

मी निवृत्त आहे, वय ६८. तयार शर्ट मला कधीच बसला नाही. खांदा बरोबर आला तर पोटावर ताणतो, पोट बसलं तर बाही मनगटाच्या खाली. चाळीस वर्षं मी कापड घेऊन शिवतो, बहुतेक खादी. खादी घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ३६ इंच पन्ह्याचं असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला अडीच मीटर लागतं. शिंप्याकडे देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटलं की शिवणही आखडते.

माझे शिंपी आमच्याच पेठेत एका जिन्याखाली बसतात. माझं माप त्यांच्या वहीत आहे, पण माणूस समोर उभा राहिल्याशिवाय ते कात्री लावत नाहीत. "मागच्या वेळेपेक्षा खांदे उतरलेत" असं ते स्पष्ट सांगतात आणि त्याप्रमाणे कापतात. शर्टाची कॉलर घडीवर विरली की शर्ट टाकायचा नाही. ते कॉलर उसवतात, उलटवतात, आतली कोरी बाजू बाहेर आणून पुन्हा शिवतात. शर्ट आणखी तीन वर्षं जातो. हल्लीच्या मुलांना हे होतं हेच माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चैन म्हणाल तर महिन्यातून एकदा गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा. ते हॉटेल १९३५ सालचं, माझ्याहून वयाने मोठं. मस्का भरपूर हवा हे सांगावं लागत नाही.

मूळची लातूरची, आता कर्वेनगर

मी पुण्यात आले तेव्हा माझ्याकडे चार कॉटनचे ड्रेस होते आणि चारही ओढणीसकट सेट. इथल्या मुली कुर्ता एका ठिकाणचा, पॅन्ट दुसऱ्या ठिकाणची, कानात भलंमोठं काहीतरी अशा फिरायच्या. रूममेट मला डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये घेऊन गेली. त्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. तिथे मी ऑक्सिडाइजचे झुमके घेतले. घरी आईने फोनवर बघितले आणि म्हणाली, "काळे का गं?" तिला वाटलं चांदी काळी पडलीय.

ते झुमके अजून आहेत. एकाची कडी तुटली होती, ती मी तुळशीबागेतल्या एका टपरीवर पाच मिनिटांत लावून घेतली. झुमक्यांमुळे झालं असं, की मी सेट घालणं सोडलं. आता कुर्ता साधा, एका रंगाचा, आणि कानात काहीतरी ठसठशीत. ऑफिसमध्ये लोक मला कानातल्यांवरून ओळखतात.

स्कार्फबद्दल कुणी लिहिलं नाही अजून! गाडीवर बसण्याआधी डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळायचा, मागे गाठ, टोकं आत खोचायची. बाहेरगावच्या लोकांना नवल वाटतं, पण सिंहगड रोडचा धुरळा आणि एप्रिलचं ऊन ज्याने खाल्लंय त्याला कळेल. माझ्याकडे अकरा स्कार्फ आहेत. सुती, मोठा पन्हा, धुऊन मऊ झालेला स्कार्फ सगळ्यात चांगला. नवा कडक स्कार्फ गाठीतून निसटतो.

सहकारनगर

मला रविवार पेठेतल्या बोहरी आळीने वेड लावलं. मणी, मोती, लेस, कुंदनाच्या टिकल्या, हुक, तारा, सगळं वजनावर किंवा माळेवर मिळतं. पहिल्यांदा गेले ती मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी चमकी आणायला आणि दोन तास बाहेरच पडले नाही.

आजीचा तन्मणी होता, त्याचं खोड, म्हणजे मधलं पदक, शाबूत होतं पण मोत्यांचे सर तुटून डबीत पडले होते. दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्या पटवेकऱ्यांकडे दिला की ते गाठवून देतात. मी मात्र शेजारी बसून बघायची परवानगी मागितली. ते दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताठ धरत होते. दोन मोत्यांच्या मध्ये गाठ येते ती अशी, की मोती एकमेकांना घासत नाहीत आणि सर तुटला तरी एकच मोती पडतो. गाठ सुईच्या टोकाने सरकवत मोत्याच्या अगदी तोंडाशी नेऊन आवळायची, एवढंच कसब आहे, पण मला ते यायला वर्ष लागलं.

आता मी घरच्यांचे, मैत्रिणींचे सर स्वतः गाठवते. रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास दिव्याखाली बसते. हीच माझी चैन. तेव्हा मला कुणी हाक मारत नाही.

बाणेर

माझा अनुभव जरा कडू आहे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. खणाचं फॅड आलं तेव्हा मी एका नावाजलेल्या दुकानातून खणाचा मरून कुर्ता घेतला. रंग पक्का आहे असं दोनदा विचारून घेतलं होतं. पहिल्या धुण्यात बादली लाल झाली आणि सोबतचा नवऱ्याचा पांढरा सदरा गुलाबी. परत घेऊन गेले तर "तुम्ही गरम पाण्यात धुतला असेल" म्हणाले. वाईट वाटलं. पैसे गेले त्यापेक्षा खोटं ठरवलं गेलं याचं जास्त.

खण हे काही कुर्त्यासाठी विणलेलं कापड नव्हे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणतात ते मुळात चोळीसाठी, म्हणून पन्हा अरुंद. कुर्त्यात जोड द्यावे लागतात आणि कापड जास्त लागतं. हे कळल्यावर मी तयार कपडा घेणं थांबवलं. आता खणाचं कापड घेते, आधी त्याचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघते आणि पूर्ण खणाचं काही न करता साध्या सुती कुर्त्याला फक्त बाहीची पट्टी आणि गळा खणाचा लावते. धुवायचं वेगळं, गार पाण्यात, वाळवायचं सावलीत. बाहीवर ते बारीक बुट्टे दिसले की मला पुरतं.

कॅम्प

फॅशन स्ट्रीटचा उल्लेख हवाच. आम्हा कॅम्पातल्या मुलांचे पहिले जीन्स, पहिले बूट तिथलेच. मार्च २०२१ मध्ये रात्री आग लागली आणि शेकडो दुकानं जळाली. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो होतो. ज्याच्याकडून कॉलेजभर टी-शर्ट घेतले तो माणूस राखेतून हँगरचे वाकलेले हुक वेचत होता. काय बोलावं सुचलं नाही, मीही खाली बसून वेचू लागलो. नंतर त्याने परत मांडलं. मला आता मॉलमध्ये खरेदी परवडते, तरी दर दिवाळीला एक शर्ट त्याच्याकडून घेतो आणि घासाघीस करत नाही.

चैन: कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं. दुपारी बेकरी बंद असते हे विसरून पाहुणे जातात आणि शटर बघून परत येतात, म्हणून सांगतो, सकाळीच जा. पुडा गरम असेल तर घरी येईपर्यंत उघडू नका. निवल्यावरच ती खरी खुसखुशीत होते.

फ्रँकफुर्टहून

सगळं वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी दरवर्षी डिसेंबरात येते आणि दरवेळी एक जोड कोल्हापुरी चपला नेते. इथे उन्हाळ्यात लिननच्या पॅन्टवर घातल्या की लोक थांबवून विचारतात. मी सांगते की कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं, आणि २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून.

नव्या चपलेला आधी तेल पाजा. मी अंगठ्याच्या पट्ट्याला आणि कडांना एरंडेल लावून दोन दिवस ठेवते. पहिल्या आठवड्यात घरातच वापरायच्या, आधी अर्धा तास, मग तास. एकदम बाहेर घालून गेलात तर अंगठ्याशी फोड येणारच. भिजल्या तर हीटरवर ठेवू नका, कातडं तडकतं. वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. मी पहिल्या वर्षी हीटरवर ठेवून एक जोड घालवलाय.

धायरी

वाचून मीही लिहिते. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मिस्टर तिथे जुनी घड्याळं बघायला जातात आणि मी बटणं. जुन्या कोटांची पितळी, शिंपल्याची, लाकडी बटणं मूठभर घेते. साध्या ब्लाउजला मागे शिंपल्याची पाच बटणं लावून बघा, दुसरं काही लागत नाही. खऱ्या शिंपल्याचं बटण गालाला लावलं तर गार लागतं, प्लॅस्टिकचं लागत नाही. मला हे तिथल्याच एका आजींनी शिकवलं.

दवाखान्यातून, रात्रपाळी

मी परिचारिका आहे. आम्हाला वॉर्डात बांगड्या, अंगठी, फुलं काही चालत नाही, आणि ते योग्यच आहे. बारा-बारा तास एकच गणवेश. त्यामुळे माझी स्टाइल काय, असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नाही. धागा वाचून मीच स्वतःला विचारला.

मी ड्यूटीला येताना मंडईवरून येते. तिथे सोनचाफा मिळतो, दहा-वीस रुपयांत पाच-सहा फुलं पानात बांधून देतात. एक फूल मी पर्समध्ये रुमालात ठेवते आणि पर्स लॉकरमध्ये. पहाटे चारला, सगळ्यात अवघड वेळ असते तेव्हा, पाणी प्यायला म्हणून जाते आणि लॉकर उघडते. दार उघडताच वास येतो. मिनिटभर थांबते, हात धुते आणि परत वॉर्डात जाते. सुट्टीच्या दिवशी तेच फूल वेणीत.

साड्या मी सुती नेसते, कडक कांजी केलेल्या. सहकारनगरच्या ताई, माझ्या आईची ठुशी तुटलीय. तुम्ही सर गाठवता तर ठुशीही होते का? गळ्यालगत बसली पाहिजे तिला.

सहकारनगर

होते, पण ठुशीचे सोन्याचे मणी दोऱ्यावर गच्च गोवावे लागतात, ते काम पटवेकऱ्यांचंच. मी बरोबर येते, त्यांच्यासमोर बसूनच करून घेऊ. तुमची सुट्टी कळवा.

धागाकर्ती

इतके जण लिहितील असं वाटलं नव्हतं. बाणेरच्या ताई, ओल्या रुमालाची युक्ती मी कालच वापरली. माझ्या लाल टू बाय टूने रुमाल किंचित गुलाबी केला, म्हणून शिवायला देण्याआधी दोनदा धुऊन घेतलं. नाहीतर आईच्या निळ्या इरकलीला डाग पडला असता.

शनिवार पेठेतले काका, तुमचे शिंपी ब्लाउज शिवत नसतील हे कळतं, पण माझ्या वडिलांच्या सात शर्टांच्या कॉलरी विरल्या आहेत आणि ते एकही टाकू देत नाहीत. जिना नेमका कुठला ते सांगाल का? रविवारी सगळे शर्ट घेऊन येते.